किती अन् किती उशिरा

मेश्राम भाऊ कोणत्याही खुर्चीवर लगेच बसत नाहीत. आधी खुर्चीची परीक्षा होते. पाठीचा वरचा दांडा दोन बोटांत धरायचा आणि हलवायचा. सुरुवातीला अगदी हळू, पाळणा हलवावा तसा. मग जरा जलद. मग आणखी जलद. एका ठरावीक वेगाला ती खुर्ची अशी थरथरते की शेजारचा माणूस दचकून उठतो. मेश्राम भाऊंचा चेहरा मात्र उजळतो. "हे पहा," ते म्हणतात, "इथं हाये हिचं दुखणं." आणि मग निवांत बसतात. दुखणं कळलं की त्यांना बसायला काही हरकत नसते.

हे त्यांनी लग्नाच्या मांडवात केलं आहे, बँकेत मॅनेजरसमोर केलं आहे, दातांच्या डॉक्टरकडे तर त्या झोपायच्या खुर्चीवर केलं आहे. माझे मोठे काका गेले तेव्हा भाऊ भेटायला आले. काकू भिंतीला टेकून बसलेली, बाया रडताहेत, आणि हा माणूस मधोमध उभा राहून प्लास्टिकची खुर्ची हलवतो आहे. काकूने तीन दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांवरचा पदर काढला.

"हा काय करून राह्यला बाप्पा?" तिने मला विचारलं.

"काकू, ते तपासून राह्यले."

"कायले?"

"खुर्चीले."

काकूने पदर पुन्हा तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, पण ती रडत होती की हसत होती हे कोणालाच कळलं नाही. मला विचाराल तर हसत होती.

आमच्या घराचं लोखंडी फाटक वाऱ्याने रात्रंदिवस खडखडायचं. एकदा भाऊ काही कागद द्यायला आले. बेल वाजेना म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर ते पाच मिनिटं फाटकालाच झोके देत उभे. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एक हातभर पट्टी तिरपी वेल्ड केली. तेव्हापासून फाटक गप्प आहे. शेजारच्या सरोदे काकूंनी त्यांना आपली शिलाई मशीन दाखवली, पलीकडच्यांनी कूलर. आता ते आमच्या गल्लीत आले की लोक हलणाऱ्या वस्तू बाहेर आणून ठेवतात.

मी कोण, तेही सांगते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी काढलं, मी चालवते. कापसावर काम करणारी यंत्रं आम्ही बनवतो. कापणारी, गुंडाळणारी, पाकिटात भरणारी. माझा स्वभाव तापट, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबा म्हणायचे, हिच्या हातात पाना दिला की त्या नटाचं काही खरं नाही.

मेश्राम भाऊ चार वर्षांपूर्वी आले. यवतमाळच्या आयटीआयमधून शिकून पुण्याला गेले होते, एका कारखान्यात वीस वर्षं सर्व्हो मोटरी लावल्या आणि वय झाल्यावर गावाकडची ओढ लागली म्हणून परतले.

"जय भीम ताई. काम पाह्यजे. पण एक सांगून ठेवतो, मोजल्याबिगर मी हात लावत नाही. अन् घाई केलेली मले जमत नाही."

"मी तर घाईशिवाय काहीच करत नाही जी."

"मंग जमलं. तुमी घाई करा, मी मोजतो."

सर्व्हो म्हणजे स्वतःकडे लक्ष ठेवणारी मोटर. तिला म्हटलं दहा सेंटिमीटर पुढे जा, की ती निघते. तिच्या पाठीला एक डोळा बसवलेला असतो. तो सांगतो, बाई, साडेनऊच गेलीस. मग ती उरलेलं अर्धं सरकते. सांगणं, जाणं, पाहणं, सुधारणं, हे वर्तुळ सेकंदात शेकडो वेळा फिरतं. ते नीट बसलं तर यंत्र लोण्यासारखं चालतं. बिघडलं तर ताप भरलेल्या माणसासारखं कापत सुटतं. ते नीट बसवणं हे मेश्राम भाऊंचं काम, आणि त्या कामाचा एकच मंत्र ते दिवसातून वीसदा म्हणतात. "किती अन् किती उशिरा?"

"कशालेई ढकललं तर दोनच गोष्टी पाह्यच्या ताई," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "किती हाललं, अन् किती उशिरा हाललं. अन् एकाच वेगानं ढकलून हे समजत नाही. हळू ढकला, मधल्या वेगानं ढकला, जलद ढकला. मंग ते वस्तू आपली कुंडली सांगते."

कुंडली त्यांनी कोणाकोणाची काढली नाही! कोपऱ्यावरच्या चहावाल्याची काढली. तासातून एकदा चहा मागितला तर पाच मिनिटांत येतो. अर्ध्या तासाने मागितला तर दहा मिनिटांत. पंधरा-पंधरा मिनिटांनी मागितला तर मागचा चहा नेमका पुढच्याच्या वेळेला येतो, "अन् आपल्याले वाटते पोट्टा लय तत्पर हाये." माझीही काढली. एकदा तोंडावरच म्हणाले, "तुमाले दिवसातून एकदा विचारलं तर गोड बोलता. तीनदा विचारलं तर नुसतं बोलता. पाचव्यांदा विचारलं तर पाना फेकता. म्हणून मी चारच्या वर जात नाही." मी हिशेब करून पाहिला. खरंच, ते चारच्या वर कधी जात नव्हते.

हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्यांच्या घरात हसणारं कोणी नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुसुमवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी म्हणून फुलसावंगीला भावाकडे गेल्या, त्या गेल्याच.

कारण झालं मीठ. ही हकिकत भाऊंनी स्वतःच मला सांगितली. गॅसवर वरण होतं. भाऊंनी चमचाभर चाखलं, म्हणाले मीठ कमी. वहिनींनी टाकलं. ते विरघळायच्या आत भाऊंनी पुन्हा चाखलं, अजून कमी. पुन्हा टाकलं, पुन्हा चाखलं. मग ताटावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "खारट झालं." वहिनींनी हात धुतले. पिशवी भरली आणि दुपारची गाडी पकडली. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मिठासाठी? मीठ एकटं नव्हतं हो. त्याच्यामागे तीस वर्षं होती. झाडू असा धर, कणीक अशी तिंब, पडद्याला गाठ अशी मार. दिसली चूक की सुधार. कोण बाई राहील?

"सारी जिंदगी मोजत आलो ताई," भाऊ म्हणाले होते, "अन् मिठाले विरघळाले किती वेळ लागते, तेवढंच मोजलं नाही. आता एकच पाह्यजे मले. ते घरी आली पाह्यजे. बाकी काई नको."

त्यानंतर माणूस बदलला. कोणालाही सुधारणं त्यांनी बंद केलं. आमच्या लेथवाल्या वासुदेवने उलटा पट्टा चढवला तरी नुसतं "बरं" म्हणायचे आणि तो जेवायला गेला की गुपचूप सरळ करून ठेवायचे. मग पाच-सहा महिन्यांनी एक नवल झालं. फुलसावंगीच्या एसटीने डबा यायला लागला. वहिनी नाही, नुसता डबा. बुधवारी आणि शनिवारी. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवलेला, कापडात बांधलेला. त्या दोन दिवशी बारा वाजले की भाऊ हातातलं काम असेल तिथे सोडून स्कूटरवर बसस्टँड गाठत. परत येऊन मागच्या बाकावर एकटे बसून जेवत. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून त्याच गाडीने परत.

एकदा वासुदेवने त्यांच्या डब्यातला थोडा ठेचा उचलला आणि तोंड वाकडं केलं. "याच्यात मीठच नाही जी!" बिनमिठाचा ठेचा कधी खाऊन पाहा, म्हणजे त्याचं तोंड कसं झालं ते कळेल. भाऊ भाकरी मोडत राहिले. आम्ही समजलो, बीपी असणार. मी लगेच फर्मान काढलं की भाऊंना कोणी लोणचं द्यायचं नाही, पापड दाखवायचा नाही. दिवाळीला सगळ्यांसाठी चिवडा केला तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा, बिनमिठाचा केला. त्यांनी तो सगळा खाल्ला आणि म्हणाले, "बरा हाये."

आता या वर्षीची गोष्ट. राळेगावच्या बायकांच्या एका गटाने आमच्याकडे एक यंत्र बनवायला सांगितलं. कापसाच्या गोल चकत्या कापणारं, जखम पुसायला दवाखान्यात लागतात तसल्या. त्या बायका वर्षानुवर्षं हे काम कात्रीने करत होत्या, त्यांच्या अंगठ्यांना घट्टे पडले होते. त्यांच्या पुढारी शोभाताईंची अट एकच, मिनिटाला साठ चकत्या आणि सगळ्या सारख्या. शनिवारी त्या पाहायला येणार होत्या. पसंत पडलं नाही तर नागपूरला जाणार होत्या.

आणि बुधवार उजाडला तरी आमचं यंत्र चाळीसला झकास चालत होतं आणि पन्नासच्या पुढे गेलं की कापणारं डोकं थरथरायला लागत होतं. चकत्या अशा निघायच्या की उंदराने कुरतडल्या म्हणाव्यात.

"आज मोजतो," भाऊ म्हणाले. तेवढ्यात बारा वाजले. ते स्टँडवर गेले.

मी यंत्राकडे पाहिलं, यंत्राने माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉपवर एक आकडा असतो, आम्ही त्याला जोर म्हणतो. चूक दिसली की मोटरने किती ताकदीने सुधारायचं, तो आकडा. मला वाटलं, डोकं थरथरतं म्हणजे मोटरला आवरत नाही, आवरत नाही म्हणजे जोर कमी पडतो. सरळ हिशेब. मी तो दुप्पट केला आणि बटण दाबलं.

यंत्र किंचाळलं. दुसरा शब्द नाही. डोकं इकडून तिकडे आपटायला लागलं, वासुदेव लेथ सोडून पळाला, मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग फुटलं, आणि एक बोल्ट उडून भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसला. मी लाल बटण दाबलं तोवर सगळं संपलं होतं. शनिवार तीन दिवसांवर होता.

भाऊ डबा घेऊन आले. त्यांनी पाहिलं. डबा बाकावर ठेवला, खाली बसून कपलिंगचे तुकडे वेचले.

"किती वाढवलं?"

"दुप्पट."

"बरं."

"अहो, बोला न जी काही तरी! शिव्या द्या!"

"आता बोलून उशीर झाला ताई. उशिरा बोललं की नुसता धक्का बसते."

नवं कपलिंग आणायला वासुदेव गावात गेला, तेवढ्यात भाऊंनी मला लेथ आणि रॅकच्या मधल्या बोळात उभं केलं. ते समोरून आले. मी डावीकडे सरकले, तेही त्याच बाजूला. मी उजवीकडे, तेही तिकडेच. दोनदा असं झाल्यावर माझं नाक त्यांच्या खिशातल्या पट्टीवर आपटलं.

"पाह्यलं? आपण दोघंई चूक सुधारूनच राह्यलो. पण मी तुमाले पाहून सरकतो तवर तुमी तिथं राह्यतच नाही. आता जेवढी घाई करू तेवढी टक्कर. यंत्राचंई तसंच. त्याची सुधारणा उशिरा पोचते. एका वेगाले तर इतकी उशिरा पोचते की उलटीच पडते, आवरायच्या जागी ढकलते. त्या वेगाले जोर कमीच पाह्यजे. तुमी नेमका तिथंच दुप्पट केला."

मला राग आला, तोही स्वतःचा. एवढी साधी गोष्ट, आणि मी पंधरा वर्षं हे वर्कशॉप चालवते.

चार वाजता कपलिंग बसलं. भाऊंनी यंत्राला चालवलं नाही, हलवलं. खुर्ची हलवतात तसंच. लॅपटॉपवरून मोटरला अगदी बारीकसा हेलकावा द्यायचा, आधी हळू, मग जलद, आणखी जलद. यंत्र गुणगुणायला लागलं, आवाज चढत गेला. "हात ठेवा ताई." मोटर ज्यावर बसवली होती त्या लोखंडी पाट्यावर मी तळवा ठेवला. सेकंदाला अडतीस हेलकाव्यांवर एकदम कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पडद्यावर "किती"ची रेघ तिथे डोंगरासारखी वर चढली आणि "किती उशिरा"ची रेघ तिथेच धाडकन खाली कोसळली, म्हणजे उशीर एकदम वाढला.

"भेटलं," भाऊ म्हणाले. चेहरा तोच, खुर्चीवाला.

तो पाटा मीच पातळ घेतला होता. भाऊंनी तो विषय काढला नाही. मीच म्हटलं, "पाटा माझ्यामुळे पातळ आहे." ते म्हणाले, "हो." पाट्याला खालून दोन फासळ्या वेल्ड केल्या. उरलेल्या थरथरीसाठी मोटरला सांगितलं की तेवढ्या एका वेगापुरते कान बंद ठेव. मग जोराचा आकडा थोडा थोडा वाढवत नेला, आणि अजून वाढला असता तिथे थांबवला.

"वाढवा न आणखी, जाते न!"

"जाते. आज जाते. उद्या पट्टा ढिला होईन, उन्हाळ्यात ग्रीस पातळ होईन, मंग? हात राखून ठेवाव."

यंत्र मिनिटाला साठवर चाललं. चकत्या गोल, कडा साफ. वासुदेवला मिठी मारायचीच काय ती बाकी राहिली.

गुरुवारी सकाळी मला वाटलं, तो डोंगराचा आलेख शोभाताईंना दाखवावा. भाऊ मोजलेलं सगळं एका वहीत काढून ठेवतात. ते नळावर बुधवारचा डबा घासत होते. मी वही उघडली, आणि माझ्या हाताला भलतंच पान लागलं.

आलेख होता. खाली आडव्या रेघेवर लिहिलं होतं: महिन्यातून एक, पंधरवड्यातून एक, आठवड्यातून एक, आठवड्यातून दोन, रोज एक, रोज दोन. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग वर "कुसुम फोन" असं दिसलं. एक रेघ "किती" ची, म्हणजे ती किती मिनिटं बोलली. दुसरी "किती उशिरा" ची, म्हणजे फोन उचलला नाही तर तिने स्वतः किती वेळाने केला. "रोज एक" वर डोंगर होता आणि लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, इथं भांडण. "आठवड्यातून दोन" वर एक छोटा गोल, आणि तिथे लिहिलं होतं, इथून डबा सुरू.

या माणसाने बायकोचा आलेख काढला होता! मी हसायला लागले. हसत हसत पान उलटलं. पुढे तारखा. बुधवार, शनिवार, बुधवार, शनिवार. प्रत्येक तारखेपुढे तेच. मीठ: नाही. बोललो: नाही. सगळं खाल्लं. मीठ: नाही. बोललो: नाही. सगळं खाल्लं. पानांमागून पानं. दीड वर्ष. माझं हसू गेलं आणि डोळे भरून आले, आणि त्याच्यामागोमाग मी भडकले.

भाऊ दारात उभे होते, हातात ओला डबा.

"तुम्हाले बीपी नाही?"

"कायचा बीपी?"

"मग मीठ?"

"कुसुम टाकतच नाही."

"अन् तुम्ही सांगत काहून नाही?"

"ताई, आज मी बोललो तर तिचं मीठ माह्यापाशी पोचाले तीन-चार दिवस लागते. तवर मी आणखी एकदा बोललेला राह्यतो. एवढ्या उशिराच्या वर्तुळात जोर लावला तर फुटते. एकदा फुटलं न. म्हणून जोर शून्य."

"शून्य?" मी ओरडले. वासुदेवने लेथ बंद केला. "अहो, शून्य जोर म्हणजे मोटर बंदच न जी! बंद मोटर थरथरत नाही हे खरं, पण ते कुठं जाते का? त्या माउलीनं काय समजावं? तुम्ही खाता का फेकता, आवडते का नाही? फोनवर काय बोलता?"

"ते विचारते, डबा भेटला? मी म्हणतो, भेटला."

"अन्?"

"अन् काई नाही."

भाऊंनी डबा खाली ठेवला. त्यांच्याकडे कुठलाही आकडा नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मी तर हात राखून राह्यलतो," ते हळू म्हणाले.

"राखा न! पण थोडा तरी लावा. कालच तुम्ही मले शिकवलं. आकडा खालून वर चढवत नेला का नाही?"

ते बाकावर बसले. एका चिठ्ठीला त्यांनी पाऊण तास घेतला. मला वाटलं पत्रच लिहिताहेत. पाहिलं तर दोन ओळी. "डब्यात मीठ राह्यत नाही. तरी दर वेळी सगळं खाल्लं."

"तू घरी ये, असं लिहा न खाली!"

"नाही ताई. आज एवढाच जोर." चिठ्ठी डब्याच्या वरच्या खणात ठेवली, कापडाची गाठ मारली, आणि फुलसावंगीच्या गाडीत देऊन आले. गुरुवार दुपार आणि शुक्रवार त्यांनी वर्कशॉपमधली एकही वस्तू हलवली नाही. मला ती शांतता सहन होईना.

शनिवारी बारा वाजता ते स्टँडवर गेले आणि रिकाम्या हाताने परतले. दीड वर्षात पहिल्यांदा डबा आला नव्हता. "पाह्यलं?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. शिवाय तेवढ्यातच शोभाताई आणि त्यांच्या पाच बाया दारात उभ्या.

यंत्र चालवलं भाऊंनीच, पण त्यांचं मन कुठे होतं? शोभाताईंनी विचारलं, "मिनिटाले किती?" भाऊ म्हणाले, "उशिरा." मी पुढे होऊन म्हटलं, "साठ." यंत्र मात्र त्यांच्यासारखं हरवलं नव्हतं. साठवर चाललं, थरथर नाही, आवाज नाही. शोभाताईंनी चकत्यांची उतरंड तळहातावर रचली, डोळ्यांसमोर धरली, बाजूने पाहिली. एकही कडा बाहेर नव्हती. त्यांनी आपला घट्टा पडलेला अंगठा त्या उतरंडीवरून फिरवला आणि म्हणाल्या, "आमाले पसंत हाये." बायांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे पाहिलं, तर भाऊ आपल्या बाकावर जाऊन बसलेले.

त्याच वेळी बाहेर ऑटो थांबला. हिरव्या लुगड्यातली एक बाई उतरली, हातात कापडात बांधलेला डबा. मी वहिनींना दोन वर्षांनी पाहत होते.

"कोठी हाये तो माणूस?" त्या दारातूनच म्हणाल्या. "मी मागच्या सीटवर बसून आली. हा ड्रायव्हरपाशी आला, केबिनमध्ये डबा दिसला नाही, अन् मुंडी खाली घालून चालला गेला! गाडीत वर पाह्यलंच नाही! आवाज देत राह्यली मी!"

भाऊ उभे राहिले.

"दीड वर्ष झालं, मीठ न टाकता पाठवून राह्यली. म्हटलं पाहू, कवा बोलते. पह्यले तर मीठ विरघळू देत नव्हता, अन् आता मुकाच झाला! मले वाटलं, खातच नसन. कुत्र्याले टाकत असन."

"खात होतो," भाऊ म्हणाले.

"समजलं. चिठ्ठी वाचली." वहिनींचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी डबा उघडून वरण-भात पुढे केला. "आज टाकलं हाये. चाखा. पण विरघळू द्या."

आम्ही सगळे, राळेगावच्या बायांसकट, श्वास धरून उभे. भाऊंनी घास घेतला. चावला. गिळला. बराच वेळ थांबले. मी मनात म्हणत होते, चांगलं म्हणा, बाबा, चांगलं म्हणा.

"थोडंसं जास्त हाये," भाऊ म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. पण वहिनी हसल्या, चांगल्या खळखळून. "हां! आता माणूस वाटते. उद्या कमी टाकीन घरी."

घरी म्हणाल्या. भाऊंनी ते ऐकलं, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

मी लगबगीने माझ्या ऑफिसमधली खुर्ची ओढून आणली. "बसा न वहिनी, प्रवासातून आल्या." वहिनींनी खुर्चीकडे पाहिलं. मग पाठीचा दांडा दोन बोटांत धरला आणि हलवला. आधी हळू. मग जरा जलद. मग आणखी जलद.

"मागचा उजवा पाय," त्या म्हणाल्या.

"हो," भाऊ म्हणाले.

त्यांनी बाकावरची वही घेतली, फोनच्या आलेखाचं ते पान टरकन फाडलं, त्याची चौपदरी घडी घातली, आणि गुडघ्यावर बसून ती खुर्चीच्या पायाखाली सरकवली. दांडा हलवून पाहिला. खुर्ची हलली नाही.

मग वहिनी बसल्या.